अर्ध्या तासाचा देश

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी लिहावं, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरी कपाट नव्हतं. पुस्तकं होती ती माझ्या शाळेची, आणि तीही पुढच्या वर्षी चुलत बहिणीकडे जायची. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं काही चुकलं तर सांगायला मागे कुणी नाही. शिवाय ज्याबद्दल लिहायचं त्यात मी मोठं असं काही केलेलं नाही. जगभरची हजारो माणसं मिळून एक सॉफ्टवेअर बनवत होती आणि त्याच्या एका कोपऱ्यातल्या घड्याळाबद्दल मी तक्रार केली, एवढंच. खरं तर ज्यांनी काम केलं त्यांनी लिहायला हवं. पण ते इंग्रजीत लिहितात, आणि त्यांना भोंगा माहीत नाही. म्हणून मी लिहितो आहे. चूकभूल सांभाळून घ्यावी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं कॉलेज साखर कारखान्याचं होतं. नगर जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. कारखाना निघाला की शेजारी दवाखाना निघतो, मग शाळा, मग कॉलेज. कारखान्याचे चेअरमन तेच कॉलेजचे अध्यक्ष, आणि कारखान्याचा भोंगा तोच कॉलेजचाही. दिवसातून तीनदा पाळी बदलताना तो वाजायचा आणि उसाच्या रानातून पार पलीकडच्या गावांपर्यंत ऐकू जायचा. आठचा भोंगा झाला की आमचा शिपाई घंटा द्यायचा. घंटा ऐकून प्राचार्य मनगटावरचं घड्याळ लावायचे. आणि प्राचार्यांचं घड्याळ बघून आमची गैरहजेरी लागायची. मुक्कामी एसटी भोंग्यावर सुटायची. लग्नाच्या अक्षता भोंग्यावर पडायच्या. पुण्याहून कुणी पाहुणा आला की त्याचं घड्याळ मागे पडलेलं असायचं. आपल्या घड्याळाला इथली हवा मानवत नाही असं म्हणून तोही ते पुढे करून घ्यायचा.

आमचे संगणकाचे सर पुण्याचे होते. वयाने आमच्यापेक्षा फार मोठे नव्हते. सोमवारी यायचे, शनिवारी घरी जायचे. एका सोमवारी त्यांनी कुठल्याशा मासिकाबरोबर मिळालेली एक सीडी आणली. तिच्यात लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. बाकी सगळ्या मशीनवर जे होतं ते कुठून तरी उतरवून घेतलेलं होतं, आणि त्याच्या आत काय चाललंय ते कुणालाच बघता येत नसे. हे मात्र आतपर्यंत उघडं होतं.

"फुकट मिळतं म्हणून हे चांगलं नाही," सर म्हणाले. "उघडून बघता येतं म्हणून चांगलं आहे. चुकलेलं दिसलं तर बनवणाऱ्याला कळवायचं. जमलं तर आपणच दुरुस्त करून पाठवायचं."

मला हे फार पटलं. आमच्याकडे पाण्याचं इंजिन बंद पडलं की माणसं ते उघडूनच बघतात. बंद डबा दिला तर आमचा विश्वास बसत नाही.

सरांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं एक जुनं मशीन आम्हा चार-पाच मुलांच्या ताब्यात दिलं. त्यात माझा खोलीतला जोडीदार होता. तो संगमनेरचा, घरी दुधाचा धंदा, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला दुधावरूनच कळायची. काळ्या पडद्यावरची अक्षरं जाऊन तिथे चित्राचा डेस्कटॉप यावा म्हणून आमची दिवाळीची सुट्टी खर्ची पडली. पडदा कधी निळा व्हायचा, कधी त्यावर आडव्या रेघा पळायच्या. जोडीदार म्हणायचा, "अजून पाणी आहे यात. आटव." शेवटी सुट्टी संपून मुलं परतल्यावर एका दुपारी खरोखरच चित्र उमटलं. खाली पट्टी, पट्टीवर बटणं आणि उजव्या कोपऱ्यात छोटं घड्याळ. आम्ही अख्ख्या वसतिगृहाला बोलावून आणलं. मुलं आली, पडद्याकडे बघत उभी राहिली, आणि त्यातला एक म्हणाला, "घड्याळ चुकतंय."

चुकतच होतं. भोंग्याच्या मानाने ते चाळीस मिनिटं मागे होतं.

दोनच दिवसांनी प्राचार्य फेरीवर आले. कोपऱ्यातल्या मशीनसमोर थांबले.

"हे काय नवीन?"

"सर, हे लिनक्स. जगभरचे लोक मिळून बनवतात," आमचे सर उत्साहाने सांगू लागले. "पगार न घेता."

प्राचार्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "पगार न घेता होय? तरीच चाळीस मिनिटं मागे आहे."

मुलं हसली. प्राचार्य हसले नाहीत. "ज्या संगणकाला वेळ कळत नाही, त्याच्यावर मुलं काय शिकणार? प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत हे नीट करा. झालं तर राहू द्या. नाही झालं तर पुसून टाका आणि बाकीच्या मशीनसारखं करा."

आता हे सांगणं मला भाग आहे की त्या मशीनवर माझा फार जीव होता. बाकीच्या मशीनसमोर बसलो की मला पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं वाटायचं. इथे हात लावू का, तिथे चालेल का. या कोपऱ्यातल्या मशीनचं मात्र पोट उघडून बघायची मला परवानगी होती, आणि तशी परवानगी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. ते पुसलं जाणार या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

"एवढं काय त्यात?" जोडीदार म्हणाला. "चाळीस मिनिटं पुढे सरकवून टाक आणि मोकळा हो."

आम्ही तेही केलं. सरांनी पाहिलं आणि ते पहिल्यांदाच चिडले. "काटा ओढून आजार बरा होत नाही. दोष कुठे आहे ते शोधा आणि ज्याने ते घड्याळ बनवलंय त्याला लिहा. इथली पद्धत तशी आहे." आणि त्यांनी आमची चलाखी पुसून सगळं पूर्ववत करून ठेवलं.

मग मी नीट बघितलं. मशीनमध्ये वेळ दोन ठिकाणी कळायची. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाईप केली की मशीनच्या पोटातलं मूळ घड्याळ काय म्हणतं ते दिसायचं. पुण्याच्या दुकानदाराने ते लावून दिलेलं होतं. आणि कोपऱ्यातलं चित्राचं घड्याळ त्या पोटातल्याला विचारून चालायचं. भोंग्याशी ताडून बघितलं तर पोटातलं दहा मिनिटं मागे निघालं, आणि कोपऱ्यातलं चाळीस. म्हणजे दोन्ही चुकीची. भोंगा चुकीचा असेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही. भोंगा हे काही घड्याळ नव्हतं. ज्याला बघून घड्याळं लावतात तो भोंगा.

या सॉफ्टवेअरच्या दुनियेत प्रत्येक छोट्या प्रोग्रॅमचा एकेक सांभाळणारा असतो. आमचं घड्याळ युरोपातला कुणी गृहस्थ सांभाळत होता. आम्ही आपापसात त्याला घड्याळवाले साहेब म्हणायचो. त्याला लिहायचं ठरलं. आता मला मोठ्या माणसाला लिहायचा एकच प्रकार येत होता, तो म्हणजे अर्ज. मी इंग्रजीत अर्ज लिहिला. आदरणीय महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या घड्याळाचा एक नम्र वापरकर्ता असून, आमच्या भागातील भोंग्याशी पडताळणी केली असता आपले घड्याळ चाळीस मिनिटे मागे असल्याचे आढळून आले आहे. तरी कृपाळू होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली लिहिलं, 'विभागप्रमुखांमार्फत'. सरांची सही फ्लॉपीवर कशी जाणार, म्हणून सहीच्या जागी त्यांचं नाव टाईप केलं आणि त्याखाली कंसात 'गोल शिक्का' असं लिहिलं.

फ्लॉपी यासाठी की इंटरनेट आमच्याकडे नव्हतं. सर शनिवारी पुण्याला जाताना आमची पत्रं फ्लॉपीवर घेऊन जायचे, तिथे एका मित्राच्या ऑफिसातून पाठवायचे आणि आलेली उत्तरं सोमवारी परत आणायचे. त्यामुळे ज्या माणसांचं आपसात दिवसातून दहादा बोलणं चालायचं, त्यांच्याशी आम्ही आठवड्यातून एकदाच बोलायचो.

उत्तर आलं. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "नमस्कार. मला महोदय म्हणू नकोस. शिक्क्याची गरज नाही. तुझ्या विभागप्रमुखांना माझा नमस्कार सांग, पण त्यांच्या परवानगीचीही गरज नाही. मशीनचं मूळ घड्याळ किती वाजले म्हणून सांगतं? आणि भोंगा म्हणजे काय? तो तुमच्याकडचा टाईम सर्व्हर आहे का? असेल तर त्याचा पत्ता कळव."

"कळव की पत्ता," जोडीदार म्हणाला. "मुक्काम पोस्ट कारखाना, चिमणीच्या उजव्या अंगाला."

मी सरांना विचारलं, टाईम सर्व्हर म्हणजे काय. सर म्हणाले, नेटवर्कवर एक मशीन असतं. ते नेहमी अचूक वेळ सांगतं आणि बाकीची मशीनं त्याला विचारून आपली घड्याळं लावून घेतात. मी जरा विचार केला. म्हणजे भोंगाच की. मग मी प्रामाणिकपणे उत्तर लिहिलं: होय, भोंगा हा आमच्या भागाचा टाईम सर्व्हर आहे, मात्र तो वाफेवर चालतो. मशीनचं मूळ घड्याळसुद्धा त्याच्यापेक्षा दहा मिनिटं मागे आहे. आपला नम्र.

पुढच्या सोमवारी जे उत्तर आलं ते सरांनी मोठ्याने वाचलं नाही. कागद माझ्या हातात दिला. घड्याळवाल्या साहेबांनी लिहिलं होतं की मूळ घड्याळच चुकत असेल तर दोष तुझ्या यंत्राचा आहे, आमच्या प्रोग्रॅमचा नाही. वेळेत चाळीस मिनिटांचा फरक कुठल्याच देशाचा नसतो. तक्रार बंद करतो आहे. वसंत ऋतूत नवी आवृत्ती निघणार, त्याआधी हातात बरंच काम आहे. वाफेच्या टाईम सर्व्हरबद्दल वाचून मात्र इथे सगळ्यांना फार आनंद झाला.

"बंद म्हणजे काय?" जोडीदाराने विचारलं.

"बंद म्हणजे बंद."

"म्हणजे दूध नासलं."

मला वाईट वाटलं ते चुकल्याचं नाही. मी खरं सांगत होतो आणि माझ्यावर विश्वास बसत नव्हता, याचं वाटलं. पण याची मला सवय होती, आणि अशा वेळी काय करायचं हेही मला ठाऊक होतं. तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, एवढं सगळं हातात घेतल्याशिवाय मला कॉलेजातही कुणी घेतलं नव्हतं. तेव्हा भोंग्याचाही दाखला काढायचा. कारखान्याच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी, 'सदर भोंगा अचूक वाजतो' असा. तो टाईप करून पाठवला की साहेबांना तक्रार उघडावीच लागेल.

मी कारखान्याच्या टाईम ऑफिसात गेलो. कामगारांची हजेरी लावणारे क्लार्क खिडकीशी बसले होते.

"भोंग्याचा दाखला पाहिजे होता," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"भोंग्याचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशाचा दाखला? जन्माचा का रहिवासाचा?"

"तो बरोबर वाजतो याचा."

क्लार्कने आतल्या माणसाला हाक मारली. "अहो, हे बघा, कॉलेजचं पोरगं भोंग्याचा दाखला मागतंय. भोंग्याला कुठं ॲडमिशन घ्यायचीय का काय." आतून हसण्याचा आवाज आला. मग त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, बॉयलरकडे जा, तिथे भोंगा वाजवणारे मामा आहेत, त्यांनी लिहून दिलं तर शिक्का मी मारतो.

मामा बॉयलरच्या धगीजवळ एका स्टुलावर बसून शेंगा खात होते. डोक्यावरून एक दोरी लोंबत होती. ती ओढली की भोंगा. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढी साधी दोरी असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मामा, भोंगा बरोबर वाजतो ना?"

"कोन म्हनतो न्हाई म्हनून?"

"कुणी नाही. पण तसं लिहून पाहिजे. परदेशी पाठवायचंय."

मामांचा शेंगा सोलणारा हात थांबला. "भोंगा इकायला काढला का काय चेअरमननी?"

मी घाईघाईने सगळी हकीकत सांगितली. मशीन, कोपऱ्यातलं घड्याळ, चाळीस मिनिटं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेंगांची टरफलं झटकली.

"आसं लिवून न्हाई द्यायचो मी. भोंगा पुढंच आसतो."

"पुढं म्हणजे?"

"म्हंजी आदी वाजवायचा. कारखाना निघाला तव्हापासनं तसाच हुकूम हाय. बरोबर येळंला वाजवला तर मानसं येळंवर येत्यात व्हय?"

माझ्या पायाखालची जमीन हलली असं लिहायचा मोह होतो, पण बॉयलरपाशी ती तशीही हलतच होती. "किती आधी, मामा?"

"आता ते कोन मोजतंय! माझ्या आदीचा गडी म्हनायचा पाच. मी आपला आठ-धा धरतो. आन रातपाळीवाल्याचं काय सांगावं, त्येला झोप आली की त्यो वाजवतो."

तिथून परत येताना मी रस्त्यावरच्या माणसांकडे बघत होतो. ही सगळी माणसं देशाच्या पुढे होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. उशिरा आलास म्हणून ज्या दिवशी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्या दिवशी मी वेळेवर होतो. पुण्याहून आलेली घड्याळं बरोबर होती. आणि मशीनच्या पोटातलं घड्याळही कदाचित बरोबरच असेल. पण कदाचित म्हणून भागणार नव्हतं. एकदा भोंग्याच्या भरवशावर लिहून माझं हसं झालं होतं. आता मोजायलाच हवं होतं, आणि मोजायला भोंग्याच्या वरचं कुणीतरी हवं होतं.

ते माझ्या वडिलांकडे होतं. माझे आईवडील शेवगावच्या बाजूने दरवर्षी ऊसतोडीला याच कारखान्यावर यायचे. कारखान्यामागच्या माळावर तोडकऱ्यांच्या टोळीच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडायच्या. उसाच्या पाचटाच्या त्या कोप्यांतली एक आमची. वडिलांकडे एक ट्रान्झिस्टर होता आणि ऊस तोडताना ते तो उसाच्या फडात घेऊन जायचे. बातम्यांच्या आधी आकाशवाणी पिप पिप करून वेळ सांगते. ते पिप काही चेअरमनच्या हुकमाने वाजत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रात्यक्षिक बुडवून फडात गेलो. आईने लांबूनच बघितलं.

"कालेज सोडून हितं काय करतूस?"

"आई, वेळ बघायचीय."

"येळ बघाया बापाच्या रेडूकडं? आन ते यवढं मोठं कॉम्प्युटर हाय म्हनत हुतास की!"

"तेच चुकतंय."

"मंग आन त्येला हितं," वडील म्हणाले. "दोन मोळ्या बांदल्या की येतंय सुदीवर."

मी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. बोलता बोलता अख्खी टोळी जमली. आठचा भोंगा झाला तेव्हा मी जोडीदाराचं मनगटी घड्याळ हातात धरून बसलो होतो. रेडिओवर कुणीतरी भजन म्हणत होतं. भजन संपलं, एक जाहिरात झाली, खताबद्दल काही माहिती झाली. हातात कोयते घेतलेली सगळी माणसं ट्रान्झिस्टरभोवती गप्प उभी होती. मग पिप पिप झालं.

दहा मिनिटं. बरोबर दहा.

"म्हंजी आमी रोज धा मिनटं आदी कामाला लागतोय?" टोळीतल्या एका मावशीने विचारलं. खरं म्हणजे टोळीचं काम टनावर असतं. माणसं पहाटेच फडात येतात, त्यांचा भोंग्याशी काही संबंध नाही. पण माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

मावशीने कोयता खाली ठेवला. "मंग आज बसू या धा मिनटं."

आणि सगळे बसले. मुकादम धावत आला. "आरं काय झालं? उठा की!"

"आमची धा मिनटं येनं हाये, सरकारी टाईमानं," माझे वडील म्हणाले, आणि त्यांनी तंबाखूची चंची सोडली. मुकादम रेडिओकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "शिकीवलं, शिकीवलं, आन ह्ये शिकीवलं," असं काहीसं पुटपुटत तोही बांधावर टेकला.

बांधावर बसूनच मी ती वजाबाकी केली. चाळीसातून भोंग्याचे दहा गेले. राहिले तीस. मशीनचं मूळ घड्याळ अगदी बरोबर होतं आणि कोपऱ्यातलं घड्याळ नेमकं अर्धा तास मागे. जग ज्या मूळ वेळेपासून मोजतं तिच्यापेक्षा आपल्या देशाची वेळ साडेपाच तास पुढे आहे. घड्याळवाल्या साहेबांनी पाच तास मिळवले होते आणि अर्धा सोडून दिला होता. त्यांच्या आसपास सगळे पूर्ण तासांचे देश. अर्ध्या तासाचाही देश असतो हे त्यांच्या डोक्यात आलंच नसावं. कॉलेजात परत आल्यावर सरांच्या मदतीने मी घड्याळाच्या प्रोग्रॅमचा मजकूर उघडला. वेळेचा फरक मिळवणारी ओळ सापडली. तिथे फक्त तास होते.

नवं पत्र लिहिलं. या वेळी शिक्का नव्हता. सगळं एका दमात सांगितलं, ओळ कुठली तेही सांगितलं, आणि शेवटी लिहिलं की आमचा टाईम सर्व्हर माणसं वेळेवर यावीत म्हणून पुढे ठेवलेला आहे, हे मला माहीत नव्हतं. सर शनिवारी फ्लॉपी घेऊन गेले.

सोमवारी उत्तर नव्हतं. त्याच्या पुढच्या सोमवारी एक पत्र आलं. ते साहेबांचं नव्हतं; आमची पत्रं तिकडे सगळेच वाचायचे, त्यांतल्या दुसऱ्याच कुणाचं होतं. त्याने अतिशय अदबीने विचारलं होतं की तुमची पत्रं नेहमी शनिवारीच येतात, तेव्हा हा आपल्या धर्माचा नियम आहे का, असल्यास आम्ही त्याचा आदर करू. जोडीदाराने मला 'शनिवारचे बुवा' म्हणायला सुरुवात केली. मी उत्तर लिहिलं की धर्माचा संबंध नाही, एसटीचा आहे.

घड्याळाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आणि प्रात्यक्षिक परीक्षा येऊन ठेपली.

परीक्षक पुण्याहून आले. ते अगदी वेळेवर आले, म्हणजे आमच्या हिशेबाने दहा मिनिटं उशिरा. प्राचार्य त्यांना घेऊन प्रयोगशाळेत शिरले आणि जाता जाता कोपऱ्यातल्या मशीनपाशी थबकले. घड्याळ होतं तिथेच होतं.

"अजून चाळीस मिनिटं मागे," ते हळू आवाजात आमच्या सरांना म्हणाले. "आज संध्याकाळी पुसा."

"सर, एक विनंती आहे," आमचे सरही हळूच म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. "त्यांचा दोष तीस मिनिटांचा आहे. दहा मिनिटं आपली आहेत."

"आपली म्हणजे?"

"भोंग्याची. कारखाना तो मुद्दाम पुढे वाजवतो. आम्ही रेडिओशी लावून बघितलंय."

प्राचार्यांनी मनगटाकडे बघितलं, खिडकीतून चिमणीकडे बघितलं. मग चेअरमन साहेब तिथेच कुठेतरी असावेत तसा आवाज आणखी खाली आणला. "म्हणजे भोंगा चुकतो असं तुमचं म्हणणं?"

"माझं काहीच म्हणणं नाही, सर."

"नसू द्या. या आवारात भोंगा चुकत नाही." त्यांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं. "त्या लोकांच्या तीस मिनिटांचं मात्र बघा. हंगाम संपला की अध्यक्ष प्रयोगशाळा बघायला येणार आहेत. तोवर वेळ देतो. एकदाचा पट्टा पडला की मग पुसलंच पाहिजे."

पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं, कारखाना बंद. हंगामाचे थोडे दिवस उरले होते. रोज उसाच्या गाड्या कमी होत होत्या. रोज मी चिमणीचा धूर बघायचो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की ऊस अजून थोडा असता तर बरं झालं असतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि पट्टा पडला. तो सोमवार होता. माळावरच्या कोप्या मोडल्या जात होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, पाचटाची पेंढी, गोधड्या, सगळं चढत होतं. वडील ट्रान्झिस्टर कापडात गुंडाळत होते. मी मदत करत होतो, पण माझं लक्ष रस्त्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष येणार होते. आज उत्तर आलं नाही तर संध्याकाळी मशीन पुसायचं होतं, आणि ते माझ्याच हाताने पुसायचं असं मी सरांना सांगून ठेवलं होतं.

पुण्याची एसटी आली. सर नेहमी कॉलेजच्या थांब्यावर उतरायचे. त्या दिवशी माळापाशीच उतरले आणि ढेकळांतून चालत आमच्याकडे यायला लागले. हातात एक कागद आणि फ्लॉपी होती.

"जयभीम, साहेब," वडील म्हणाले आणि बसायला गोधडी पुढे केली. सर उभेच राहिले. त्यांना दम लागला होता.

"ऐकलं त्यांनी," ते म्हणाले.

"कोनी?" आईने विचारलं.

"परदेशातल्या घड्याळवाल्यांनी. तुमच्या मुलाने त्यांना सांगितलं की तुमचं चुकतंय."

आईने हातातलं पातेलं ट्रॉलीत न ठेवता तसंच धरलं. "ह्येनं सांगितलं? आन त्येंनी ऐकलं?"

"वाचून दाखवा की, साहेब," वडील म्हणाले.

सरांनी कागद उघडला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. टोळीतली माणसं पुन्हा एकदा भोवती जमली, आणि सरांनी एकेक ओळ मराठीत करून वाचली. "उशीर झाला, क्षमा कर. तुझं बरोबर होतं. मी फक्त तास मोजत होतो. तुझं पत्र वाचून नेपाळमधल्या एकाने कळवलं आहे की त्यांचं पाऊण तासाचं असतं. आणखी कुणी असतील त्यांनी कृपा करून आताच सांगावं, नंतर नको. तक्रार पुन्हा उघडली, दोष दुरुस्त केला, आणि तो नव्या आवृत्तीत जातो आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ सोबत पाठवत आहे, ते तुझ्या मशीनवर आजच बसव."